निंगबो ते निमगाव

करंगळीच्या नखाहून लहान, पाण्यासारखी नितळ, दोन बोटांत दाबली की तोंड उघडणारी एक सिलिकॉनची चिमटी. अशा एक लाख चिमट्या मी चीनमधून मागवल्या. जहाजात बसून त्या न्हावा शेवा बंदरात आल्या आणि तिथून निमगाव केतकीला आमच्या नर्सरीच्या ओट्यावर उतरल्या. मी मागवल्या, मी! हे लिहितानाही अंगावर काटा येतोय. ज्याला त्याला धरून सांगत सुटलेय, आता तुम्हालाही सांगते.

आमचा पट्टा नीरा डाव्या कालव्याचा. बारामती ते इंदापूर रस्त्याने ऊस, मका, द्राक्ष, डाळिंब, आणि मधूनमधून आमच्यासारख्यांच्या भाजीपाल्याच्या रोपवाटिका. द्राक्षवाल्यांना खुंट नवा नाही. डॉगरिजचा खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा, तो आमच्याकडच्या खारवट पाण्यात तग धरतो म्हणून त्यावर कलम करायचं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण टोमॅटोचं कलम, कलिंगडाचं कलम? ते मी पहिल्यांदा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाहिलं, इंडो-डच भाजीपाला केंद्रात. रानवांग्याच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा, दुधीभोपळ्याच्या मुळावर कलिंगडाचा. दोन्ही कोवळी खोडं तिरकी कापायची, काप कापाला भिडवायचा आणि वरून ही चिमटी लावायची. मग सहा-सात दिवस दमट, अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. सांधा जुळला की रोपाचं खोड जाड होतं आणि चिमटी आपोआप गळून पडते. मर रोगाने वाफेच्या वाफे बसलेले मी पाहिलेत, आणि ही रानटी मुळं त्या रोगाला सहजी बळी पडत नाहीत, त्यामुळे त्या सांध्याकडे मी किती वेळ बघत राहिले असेन, विचारू नका.

अडचण चिमटीचीच होती. ऐन हंगामात मिळायची नाही, मिळाली तर हव्या त्या मापात नसायची. एकदा पाकिटावर बारीक अक्षरात ‘मेड इन चायना’ वाचलं आणि डोक्यात किडा वळवळला. व्यापारी आणतो तर मी का नाही? माझ्यापुरत्याच कशाला, आजूबाजूच्या दहा नर्सऱ्यांना पुरवता येतील एवढ्या का नाही?

“अगं, परदेशातनं माल आणायचा म्हणजे कंपनी लागत असंल,” आत्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटायचं. लागतं काय, तर आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या, पोर्टलवर घरबसल्या अर्ज, फी ५०० रुपये. आणि तो कोड हातात आला तेव्हा मी उडालेच, कारण तो म्हणजे माझाच पॅन नंबर! ज्या नंबरावर मी पतसंस्थेत खातं उघडलं, त्याच नंबरावर आता जगात कुठूनही माल मागवता येतो. (हा कोड दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर पुन्हा पक्का करावा लागतो. बदल काही नसला तरी. विसरलात तर तो बंद पडतो.)

पण खरी जादू पुढे आहे. जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक नंबर आहे. प्रत्येक! सुईला, सायकलीला, सुक्या अंजिराला. त्याला एचएस कोड म्हणतात. पहिले सहा आकडे जवळजवळ साऱ्या जगात सारखे, आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ होतात. त्या नंबरावर सगळं ठरतं: कर किती, परवाना लागतो का, माल आणायला बंदी आहे का. मी रात्री जेवणं उरकली की ते दरपत्रक उघडून बसायचे, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं.

आता माझी चिमटी. चीनमधल्या विकणाऱ्या कंपनीतल्या मुलीने कच्च्या बिलावर लिहिलं होतं ‘रबर क्लिप’ आणि नंबर टाकला होता ४० व्या अध्यायातला, रबराचा. हाताला ती रबरासारखीच लागते, ओढली की ताणते, सोडली की जागेवर. मी तेच धरून चालले होते. न्हावा शेवाच्या क्लिअरिंग एजंटने फोनवर थांबवलं. “ताई, सिलिकॉन आहे ना? मग एकोणचाळीस. प्लास्टिक.” का? कस्टमच्या हिशेबी कृत्रिम रबर कुठलं, तर जे गंधकाने पक्कं होतं ते. सिलिकॉन तसं होत नाही. माझ्या नर्सरीतली एक चिमटी हातात धरून मी दरपत्रकातली ती टीप चारदा वाचली. एवढ्याशा वस्तूसाठी कुणीतरी कुठेतरी बसून इतका विचार करून ठेवलाय! बिल दुरुस्त करून घेतलं. ते राहून गेलं असतं तर कागदावर एक आणि खोक्यात दुसरंच, अशी गत झाली असती.

कराचं गणित तर मी आता झोपेतही सांगेन. समजा माल, जहाजभाडं आणि विमा मिळून १,००,००० रुपये झाले आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं. शुल्क १०,०००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,०००. झाले १,११,०००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, १९,९८०. एकूण १,३०,९८०. यातला आयजीएसटी परत वळता होतो, पण इथे नर्सरीवाल्यांनी कान देऊन ऐका: रोपांवर जीएसटी नाही, म्हणून रोपं विकणाऱ्याला ही वजावट मिळत नाही. मी चिमट्या बिल करून दुसऱ्या नर्सऱ्यांना विकते, तेवढ्यापुरतीच मिळते. किंमत ठरवताना दोन वह्या कराव्या लागल्या.

नमुने आधी कुरियरने मागवले होते, दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे. यात घाई करू नका. नर्सरीत काम करणाऱ्या बायकांनी तिन्ही मापं खऱ्या रोपांवर लावून पाहिली. दीडची टोमॅटोच्या मानेला चावायची, अडीचची कोवळ्या रोपावरून घसरायची. दोनची बसली, आणि कशी बसली! लावणाऱ्या बाईने मान डोलावली, तेव्हाच माझी ऑर्डर पक्की झाली.

पैसे पाठवायचा दिवस मात्र छातीत धडधडणारा. ३० टक्के आगाऊ, उरलेले माल जहाजावर चढल्याचा कागद आल्यावर. आमच्या शाखेत असा व्यवहार कधी झालेलाच नव्हता, त्यांनी मला दुसऱ्या शाखेत पाठवलं. तिथल्या साहेबांनी फॉर्म समोर ठेवला, मी एस०१०१ लिहिलं, आयातीसाठी आगाऊ रक्कम. पैसे गेले की सहा महिन्यांत माल यायला हवा आणि बँकेला कस्टमचा पुरावा दिसायला हवा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे देशाच्या तिजोरीतून गेलेल्या माझ्या त्या थोड्याशा डॉलरवरही कुणाचं तरी लक्ष आहे. मला त्याची भीती नाही वाटली, उलट आपण मोजले जातोय याचं भारी वाटलं. एक मात्र करा: खातं नंबर मेलवर आला तरी फोन लावून, माणसाचा आवाज ऐकून खात्री करा. खातं बदललंय असा मेल आला तर दुप्पट खात्री.

आणि एफओबी हा शब्द पाठ करा. मी पहिला भाव ऐकून नाचले होते. तो भाव निंगबो बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा होता! त्यापुढचं भाडं, विमा आणि आपल्या बंदरातले खर्च माझे. आपला माल थोडा असला की तो दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येतो, त्याला एलसीएल म्हणतात. समुद्राचं भाडं किरकोळ वाटतं, पण न्हावा शेवाला कंटेनर उघडणं, माल वेगळा काढणं, डिलिव्हरी ऑर्डर, हे सगळं मोजलं की भाड्याच्या कितीतरी पट होतं. ज्यांच्याकडून भाव घेतला त्यांनी आधी हे सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी पहिल्याच फोनवर लेखी मागणार.

जहाज निघालं आणि मी वेडी झाले. त्याचं नाव नकाशावर शोधायचे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एक ठिपका, त्यात मी! मुलीने भूगोलाच्या वहीत ती वाट काढली. माल येण्याआधीच बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायची मालाची नोंद, भरायची, जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये दंड, पुढे रोज १०,०००. एजंटने वेळेत भरली. आणि ऐका, माल उरणजवळच्या बंदरात, पण कागद तपासणारा अधिकारी देशात कुठल्याही शहरात बसलेला असू शकतो! २०२० पासून ही चेहरा न दिसणारी तपासणी देशभर आहे. त्याने एकच प्रश्न टाकला, वस्तू कशासाठी वापरतात. मी नर्सरीतला फोटो काढून पाठवला: कापलेलं खोड, त्यावर चिमटी, मागे आमच्या बाईंचा मातीने माखलेला अंगठा. दुसऱ्या दिवशी माल सुटला.

माझं बघून बारामतीतल्या एका ओळखीच्या ताईंना खेळणी मागवायची हुक्की आली. त्यांना सांगितलं, आधी तपासा: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि तो परवाना तिकडच्या कारखान्याला घ्यावा लागतो. भाच्याला परदेशी बियाणं हवंय. बियाण्याला आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, खिशात घालून आणायची ती वस्तू नव्हे. मर रोग असाच पिशवीतून प्रवास करतो.

तुकोबांची पालखी ज्या रस्त्याने येते त्याच रस्त्याने टेम्पो आला. खोकी एका लाकडी पॅलेटवर बांधलेली. पॅलेटच्या कडेला डागून काढलेला शिक्का होता: गव्हाची ओंबी, देशाची अक्षरं आणि खाली एचटी. म्हणजे लाकूड तापवून आतली कीड मारली आहे, हे जगाला कळणारं चिन्ह. मी त्या ओंबीवरून बोट फिरवलं. आत्यांनी खोक्याला हळदकुंकू लावलं. ब्लेडने पट्टी कापली, पिशवी उघडली, आणि ओंजळीत घेतल्या तर अशा सरसर निसटत होत्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या.

संध्याकाळपर्यंत १२ ट्रे कलमं झाली. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं तेव्हा पानांवर पाणी होतं आणि शेंडे ताठ उभे होते. पॅलेट मी मोडू दिला नाही. त्यावर आता रोपांचे ट्रे ठेवतो, शिक्क्याची बाजू दाराकडे करून.