चांदाची सात तारीख आणि आक्षीची वाळू

मोहोपाड्याहून समुद्र काही लांब नाही. आपल्याकडची पाताळगंगा खोपोलीच्या वीजघरातून सुटलेले पाणी घेऊन बारा महिने वाहते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे आपल्या दारावरून गेलेले पाणी रोज समुद्रात पोहोचते. आम्ही बायका मात्र पनवेलचा दवाखाना, पेणचा बाजार आणि कुणाचे लग्न यापलीकडे पोहोचत नव्हतो. समुद्र पाहिलेला होता, नाही असे नाही. पण तो मुलांच्या मागे धावत, पिशव्या सांभाळत आणि 'पाण्यात जाऊ नको रे' असे ओरडत. स्वतः खेळायला म्हणून आमच्यातली एकही कधी किनाऱ्यावर गेली नव्हती.

खेळायला, हे नीट ध्यानात घ्या. फिरायला नव्हे.

आमच्या भागात खेळाला तोटा नाही. हिवाळा सुरू झाला की खालापूर तालुक्यात गावोगाव टेनिस बॉलचे सामने लागतात. रात्री उशिरापर्यंत लाउडस्पीकरवर धावसंख्या ऐकू येते. कबड्डी तर रायगडच्या रक्तातच आहे. कारखान्यांच्या वसाहतींना मैदाने आहेत, शाळांना पटांगणे आहेत. मैदान पुरुषांचे असे कुठे लिहून ठेवलेले नाही. तरीही पस्तिशीतली बाई ओढणी खोचून चेंडू टाकायला उभी राहिली तर रस्त्यावरची मोटारसायकल थांबते. आम्ही सकाळी चालतो, त्याला कुणी हसत नाही. पण चालण्यात आणि पळण्यात फार अंतर आहे. शेवटचे कधी पळालो, असा प्रश्न एका दुपारी शिवणाच्या क्लासात निघाला, तेव्हा बहुतेकींचे उत्तर एकच आले: दहावीत.

तेव्हा ठरले. आम्ही अकरा जणी. सर्वांत मोठी दादी, वय अडुसष्ट. सर्वांत लहान आमच्यातल्या एका भाभीची मुलगी, अकरावीत शिकणारी. शेजारची अंगणवाडीतली ताई आमच्यातच धरलेली. ती आगरी आणि तिचे माहेर पोयनाडकडचे, म्हणून खाडी आणि समुद्र तिला आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. घरच्यांची परवानगी हा वेगळा विषय आहे. त्यावर इथे दोन पाने भरतील, पण ती गोष्ट प्रत्येक घरात सारखीच असल्यामुळे सोडून देतो. एवढेच सांगतो की एका घरातून 'या वयात हे काय?' असे आले आणि दुसऱ्या घरातून 'चेंडू कोणता नेताय?' असे आले.

कोणत्या दिवशी जायचे, हा खरा प्रश्न होता. रविवारी किनाऱ्यावर उंट, घोडागाडी आणि मुंबईची गर्दी. म्हणून वार मधला धरला. मग ताईने विचारले, "तिथी कोणती?" आम्हाला वाटले शकुन बघते आहे. पण तो भरती-ओहोटीचा हिशेब होता. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती आणि मधे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. पाच-पंचवीस मिनिटे इकडेतिकडे होतात, पण दिवस ठरवायला एवढे पुरते.

दादीने लगेच बोटांवर हिशेब सुरू केला. तिला तिथी येत नाही, चांदाची तारीख येते. आपला महिना चांद दिसल्यावर सुरू होतो आणि अमावास्येनंतर चांद दिसायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून चांदाच्या तारखेत एक, कधी दोन मिळवले की तिथी हाताशी येते. पंधरा तारखेनंतर पंधरा वजा करायचे. ताई कॅलेंडर घेऊन बसली आणि दादी बोटे घेऊन. दोघींचे उत्तर एकच निघाले: चांदाची सात. आकाशात चांद एकच आहे, हे ठाऊक असूनही आम्हाला गंमत वाटली.

त्यात एक मेख आहे, तीही सांगून ठेवतो. अष्टमीच्या आसपास समुद्राला 'भांग' असते. भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. सर्वांत रुंद वाळू उघडी पडते ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पण तेव्हा आपल्याकडे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास असते आणि ऐन दुपारी पाणी पार वरपर्यंत आलेले असते. ज्यांना घरचा डबा करून निघायचे आणि मगरिबच्या आत परत यायचे आहे, त्यांच्या नशिबी भांगच. मैदान थोडे अरुंद, पण वेळेत मिळते.

सकाळी साडेसहाला दोन इको गाड्या करून निघालो. खारपाडा, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. वडखळला गाड्यांची रांग लागली नाही, एवढीच नोंद करण्याजोगी गोष्ट. अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्यामुळे माणसे असतातच. ओहोटीत किल्ल्यापर्यंत चालत जाता येते आणि वेळ विसरणारे भरतीत अडकतात. आम्ही पुढे खाडी ओलांडून आक्षीला गेलो. आक्षी तशी मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, शके 934 चा, म्हणजे इ. स. 1012 चा, याच गावचा. पण आम्ही त्या दिवशी शिलालेखासाठी गेलो नव्हतो. सुरूची झाडे, त्यांच्या सावलीत पथारी आणि पुढे ओली, काळपट, सपाट वाळू. मधल्या वारी माणूस जवळपास नव्हतेच. दूर दोन-तीन कोळी जाळे आवरत होते आणि त्यांना आमच्याकडे बघायला वेळ नव्हता.

वाळूवर खेळण्याचे नियम पाण्याजवळ गेल्यावर कळतात. वरची कोरडी वाळू पाय धरून ठेवते. तिथे चेंडू टप्पा घेत नाही, पडतो तिथेच बसतो. पाण्याच्या अगदी कडेला पाय रुततो. मधे ओलसर वाळूचा एक पट्टा असतो, तो चांगल्या सारवलेल्या अंगणासारखा घट्ट. तिथे पाऊल दाबले की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी दिसते. दाबामुळे कण एकमेकांपासून सरकतात, मधल्या फटी वाढतात आणि पाणी त्यांत उतरते, म्हणून. मैदान आखायचे ते याच पट्ट्यात, आणि पाणी सरकेल तसे ते सरकवायचे.

पहिली लगोरी. सात ठिकऱ्या घरूनच नेल्या होत्या, जुन्या फरशीच्या. दुसऱ्याच डावात दादीने नेम धरून सातही उडवल्या आणि स्वतः पळायचे नाकारले, म्हणाली, "मोडायचे काम माझे, रचायचे तुमचे." मग क्रिकेट. दोन बॅटा, यष्ट्या म्हणून पडलेल्या सुरूच्या फांद्या. टप्पा आउट ठेवायचा की नाही यावर वीस मिनिटे वाद. कपड्यांचे म्हणाल तर प्रत्येकीने आपले ठरवले. कुणी बुरखा घडी करून पिशवीत ठेवला, कुणी ओढणी मागे गाठ मारून घेतली, कुणी बुरख्यातच खेळली. त्या दिवशी सर्वांत सरळ चेंडू बुरख्यातल्या आपाचे पडले, हे सगळ्यांनी मान्य केले.

दुपारी दादीच्या जुन्या सुती साडीची जाळी दोन झाडांमध्ये बांधून व्हॉलीबॉल झाला. नियमातल्या बीच व्हॉलीबॉलचे मैदान 16 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असते आणि एका बाजूला दोघीच खेळतात. आम्ही पाच-पाच होतो, तरी चेंडू मधेच पडत होता. हा खेळ 1996 साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये आला. बराच काळ बायकांसाठी त्याचा पोशाख फारच तोकडा ठरलेला होता. 2012 मध्ये नियम सैल झाले, आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तची दोआ एल-गोबाशी डोक्याला हिजाब बांधून, पूर्ण बाह्या आणि पायघोळ घालून जर्मनीच्या जोडीसमोर उभी राहिली. तो सामना तिने आणि नादा मेअवादने गमावला, पण छायाचित्र जगभर गेले. उलट 2021 मध्ये नॉर्वेच्या बायकांच्या बीच हँडबॉल संघाला दंड झाला, कारण त्यांनी ठरलेल्या तोकड्या पोशाखाऐवजी साधी अर्धी चड्डी घातली होती. बाईने किती घालावे आणि किती घालू नये, हे ठरवायला सगळीकडेच कुणीतरी बसलेले असते. आमच्या जाळीजवळ तरी त्या दिवशी कुणी नव्हते.

जुहरच्या वेळी समुद्राच्याच पाण्याने वुजू केला. भाकऱ्या, खिमा, सुक्या जवळ्याची चटणी. खाताना हजरत आयेशा (र.) यांच्या शर्यतीची आठवण निघाली. प्रवासात हुजूर (स.) त्यांच्याबरोबर पळाले, तेव्हा त्या पुढे गेल्या; पुढे कधीतरी पुन्हा पळाले, तेव्हा हुजूर जिंकले आणि म्हणाले की ही त्या दिवसाची फेड. "म्हणजे दोनदा पळाल्या," दादी म्हणाली. ते आमच्या आधी कधी लक्षात आले नव्हते.

एक नियम सकाळीच केला होता आणि तो दिवसभर पाळला: पाण्यात गेलेला चेंडू आणायचा नाही. लाटेने परत दिला तर आपला, नाही तर समुद्राचा. घोट्यापलीकडे कुणी पाण्यात जायचे नाही आणि खाडीच्या मुखाकडे तर अजिबात नाही, कारण तिथे पाण्याला ओढ असते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच जिल्ह्यात मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलेमुली बुडाली. त्यांतली कितीतरी आपल्याच समाजातल्या घरांतली होती. ज्या आईबापांनी आधी नको म्हणून मग सहलीला हो म्हटले असेल, त्यांचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्या घटनेनंतर कितीतरी घरांत मुलींच्या सहली बंद झाल्या. बंद करणे सोपे असते. आम्ही दोन चेंडू समुद्राला दिले. चाळीस-चाळीस रुपयांचे होते.

चार वाजता पाणी पुन्हा चढायला लागले आणि पट्टा अरुंद झाला, तेव्हा त्या अकरावीतल्या पोरीने खो-खो मांडला. दोन टोकांना दोन ओंडके, मधे चौघी बसलेल्या. खऱ्या खेळात आठ जणी बसतात, पण तेवढ्या आणायच्या कुठून? ती एकटी पळणार आणि आम्ही धरणार. शाळेत असताना ती तालुक्याला खेळली होती. दहावीनंतर थांबली. भांडण झाले नाही, कुणी मनाई केली नाही. सरावाहून यायला अंधार पडतो, गणवेशाची चड्डी आखूड असते आणि 'आता अभ्यास कर', एवढ्याने थांबली.

वाळूत तिला धरायला आम्हाला जमेना. डावीकडे झुकायची आणि उजवीकडून निसटायची. आम्ही धापा टाकत बसलो, जागा बदलल्या, पुन्हा उठलो. ताईने मोबाईलवर वेळ लावला होता: साडेतीन मिनिटे झाली तरी पोर मोकळीच. तिची आई, आमची भाभी, ओंडक्याजवळ उभी होती. ती ओरडली नाही, हसलीही नाही. फक्त बघत होती. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी नेपाळला हरवले आणि कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती, हे पोरीने परतताना गाडीत सांगितले. भाभीने विचारले, "त्या मुलींचे पुढे काय होते? नोकरी लागते?" खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असते, असे ताई म्हणाली. भाभी पोयनाडपासून पेणपर्यंत काही बोलली नाही.

परवा ती क्लासात गडद निळे लवचिक कापड घेऊन आली. मुलीच्या कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांना जाऊन विचारले, ते म्हणाले की पूर्ण लांबीची पँट चालेल. सरावाहून येताना कोण आणणार, हे अजून ठरलेले नाही. मुलीच्या अब्बांशी बोलणेही बाकी आहे. ते दुसऱ्या पाळीला आहेत, घरी रात्री उशिरा येतात. कापड मात्र मापून झाले आहे. खिसा ठेवायचा की नाही यावर क्लासात दोन तट पडले आहेत. पोर म्हणते, खिसा नको, पळताना हाताला लागतो.