'अपीज' म्हणजे नेमकं कोणाला शांत करणं?

मानवतला माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा इंग्रजी शब्दांच्या यादीवर बोट ठेवून म्हणाला, "मामा, इथं अपीज म्हणजे शांत करणे, असं दिलंय. मग तुष्टीकरण ही शिवी कशी झाली?"

प्रश्न रास्त आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या क्रियापदाच्या मुळाशी 'शांतता' हाच शब्द आहे. इंग्रजीत भूकही अपीज करतात आणि कोपलेला देवही. आपल्याकडे ग्रहांची शांत करतात तसं. शब्द नासला तो १९३८ साली. म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन प्रदेश हिटलरला देऊन टाकला. दिलं ते तिसऱ्याचं! सहा महिन्यांच्या आत हिटलर प्रागमध्ये होता.

बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात या शब्दाची उकल केली आहे. मुस्लिम प्रश्नावरच्या काँग्रेसच्या धोरणावर टीका करताना ते तुष्टीकरण आणि समझोता यांत फरक करतात. निरपराधांवरच्या अत्याचाराकडे डोळेझाक करून आक्रमकाला विकत घेणं, हे तुष्टीकरण. दोन्ही पक्षांना ओलांडता येणार नाही अशी मर्यादा आखणं, हा समझोता. आज बाबासाहेबांची ही टीका मुसलमानांविरुद्ध वापरणारे पुष्कळ आहेत. पण समझोत्याचं वाक्य ते सोयीनं गिळतात.

आता हीच फूटपट्टी आपल्या मराठवाड्याला लावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. लगेच दंगली पेटल्या, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. अंमलबजावणी थांबली. १४ जानेवारी १९९४ ला पदरात पडला तो नामविस्तार. या सोळा वर्षांत सरकारने शांत कोणाला केलं? ज्यांची घरं जळाली त्यांना, की जाळणाऱ्यांना? आणि तरीही 'लाड' होतात म्हणे आमचेच!

म्हणून या क्रियापदाचं कर्म नीट तपासावं. ज्याच्या हातात काठी आहे, त्यालाच अपीज केलं जातं. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी देणं हे तुष्टीकरण नव्हे, ते तिचं देणं आहे. गुंडाला दिलेला हप्ता म्हणजे तुष्टीकरण. आरक्षण हे घटनेनं मान्य केलेलं देणं आहे. कोणाला गप्प बसवण्यासाठी दिलेली लाच नाही.

भाच्याला एवढंच म्हणालो, "परीक्षेत 'शांत करणे' लिही, मार्क मिळतील. पण कोणी तोंडावर तुष्टीकरण म्हणालं, तर आधी विचार : काठी कोणाच्या हातात होती?"

जय भीम!