आळंदीहून की देहूहून?

पायी वारीला जायचं एवढं ठरवलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ज्याला विचारावं तो आपल्याच पालखीचं कौतुक सांगणार. पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी निघते, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, मुक्ताईनगरहून मुक्ताईची. शेगावहून गजाननमहाराजांची वाट तर महिन्याच्या वरची. एवढी रजा कोण देतंय! ती आधी खोडली, मग बाकीच्याही.

उरल्या आळंदी आणि देहू. इथे डोकं खरं चक्रावतं, कारण अंतर दोन्हीकडे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तुकोबांचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला, माउलींचं अष्टमीला. दोन्ही पालख्यांचा पुण्यात मुक्काम. हडपसरपुढे वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत जातात; तुकोबा लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असे. वाखरीत पुन्हा भेट. एकीकडे चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, दुसरीकडे काटेवाडीचं मेंढ्यांचं. आता निवडायचं कशावरून? वहीत दोन रकाने पाडले. दोन्ही भरले, निकाल शून्य.

शेवटी आमच्या चुलत सासूबाईंना विचारलं. त्यांच्या कितीतरी वाऱ्या झालेल्या. रस्त्याबद्दल अवाक्षर न काढता त्या म्हणाल्या, "अगं, जेवणार कुणाच्या पंगतीत? ते सांग आधी."

म्हणजे दिंडी. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, मागे शेकडो. भिशी भरली की दोन वेळचं जेवण, तंबूत पथारीपुरती जागा आणि पिशवी ट्रकमध्ये. मी फोन लावत सुटले. एका दिंडीप्रमुखांनी पहिलाच प्रश्न टाकला, "माउली, टाळ धरता येतो का?" माझी बोलतीच बंद. दुसरीकडे बायकांच्या आंघोळीचं विचारलं, तर उत्तर आलं, "पांडुरंग बघतो." पांडुरंग बघतोच, पण टँकर किती वाजता येतो तेही कळायला हवं. तिसऱ्यांनी सरळ सांगितलं: टँकर पहाटे तीनला, बायकांना आडोसा वेगळा, तंबूत दाटी होईल. ती दिंडी आळंदीची निघाली, म्हणून मी आळंदीची. देहूची असती तर देहूहून निघाले असते.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यांत लांब, तीस किलोमीटरच्या वर, आणि घाट येतो तो पाय भरून आल्यावर. चढणीवर माझी ओळ सुटली, तेव्हा मागच्या आजींनी पाठीला नुसता हात लावला आणि पाऊल टाळाच्या ठेक्यावर टाकायला लावलं. दम कमी लागतो, खरंच. संध्याकाळी तळावर समाज आरती. चोपदारांनी दंड उंचावला आणि इतका वेळ चाललेला टाळांचा कल्लोळ क्षणात थांबला. एकच दिंडी वाजवत राहिली. मला वाटलं, यांना दिसलं नसावं. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "गाऱ्हाणं आहे त्यांचं. ऐकून घेईपर्यंत थांबायचे नाहीत." तक्रार नोंदवायची इतकी रोखठोक पद्धत मी आमच्या ऑफिसात पाहिलेली नाही.

पुढच्या वर्षी निघणार असाल तर नकाशा बाजूला ठेवा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिंडीप्रमुखांना फोन करा. भिशी किती, टँकर किती वाजता, ट्रक तळावर कधी पोचतो, एवढं विचारा. ही उत्तरं सरळ मिळाली तर नाव नोंदवा. बूट मात्र जुनेच घाला.