टेनिसची शिकवणी

तीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाला एक खोड हमखास जडते. आपण बोललो म्हणजे समोरच्याला समजले, असे त्याला मनोमन वाटू लागते. मलाही ती खोड जडली होती, आणि महाविद्यालयाच्या चार भिंतींत ती कधीच उघडकीस आली नसती. शंभर विद्यार्थ्यांपुढे शेक्सपिअरवर तासभर बोलून बाहेर पडणाऱ्या प्राध्यापकाला, आपला पराभव झाला आहे की विजय, हे कळण्याची तेथे सोयच नसते. मला ते कळले एकलहरे येथील टेनिसच्या मैदानावर, आणि तेही एका नऊ वर्षांच्या मुलीकडून.

नाशिकरोडपासून जवळच गोदेच्या काठी एकलहरे हे गाव आहे. औष्णिक वीजकेंद्रामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. तेथील पहिला संच १९७० साली सुरू झाला. पहिले दोन संच आता निवृत्त झाले असून प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन मागे उरले आहेत. केंद्राबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर क्लब आला. मेजर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थाने १८७४ साली या खेळाचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बड्या लोकांच्या बंगल्यांपुढील हिरवळ असावी. गोदाकाठच्या धुराड्यांच्या छायेत इंजिनिअरांची आणि फिटरांची मुले एकाच टोपलीतले चेंडू वेचतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

क्लबाचे शिक्षक नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेले आणि चिटणीस माझ्याकडे आले. विद्यार्थिदशेत मी कॉलेजच्या संघातून खेळलो होतो, एवढीच माझी पात्रता. "आठवड्यातून तीन संध्याकाळी या, सर, मुलांना नुसते वळण लावून द्या," ते म्हणाले. मी होकार दिला. त्यात परोपकाराचा भाग थोडा आणि हौसेचाच फार होता, हे कबूल केलेले बरे. आमच्या स्टाफरूममध्ये ही वार्ता पोहोचताच एका सहकाऱ्याने, येत्या परीक्षेत बॅकहँडवर दहा गुणांचा प्रश्न घालण्याची सूचनाही केली!

पहिल्या दिवशी मी मुलांना ओळीने उभे केले आणि रॅकेट धरावी कशी यावर बोलू लागलो. मनगट, कोपर, खांदा, पायांची ठेवण, शरीराचा तोल या सर्वांचा मी यथाक्रम परामर्श घेतला. विवेचन रंगात आले होते. इतक्यात ओळीच्या टोकाची ती मुलगी अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, आता चेंडू मारू का?"

मी घड्याळ पाहिले. वीस मिनिटे झाली होती. मी निमूटपणे एक चेंडू टाकला. तिने डोळे मिटून रॅकेट फिरवली आणि चेंडू तारेच्या जाळीवरून पलीकडच्या झुडपांत गेला. सारी मुले हसली, तीही हसली. माझ्या विवेचनातील एक अक्षरही तिच्या हातापर्यंत पोहोचले नव्हते, आणि त्याचा पुरावा झुडपांत पडला होता.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली; म्हणजे मी शिकू लागलो. टेनिस खेळण्याची विद्या आणि टेनिस शिकवण्याची विद्या या सख्ख्या बहिणी नव्हेत. खेळाडूचे सारे कौशल्य प्रतिस्पर्ध्याला परतवता येणार नाही असा चेंडू मारण्यात असते, तर शिक्षकाचे कौशल्य नेमके उलटे. समोरच्याला परतवता येईल, पण त्यासाठी त्याला एक पाऊल पुढे टाकावे लागेल, असा चेंडू त्याने द्यायचा असतो. फार सोपा दिला तर मूल कंटाळते आणि फार कठीण दिला तर खचते. या दोहोंमधली जागा प्रत्येक मुलाची निराळी असते आणि रोज थोडी सरकते. ती हेरण्यासाठी पाहावे लागते, आणि पाहण्यासाठी तोंड मिटावे लागते. प्राध्यापकाला ही शिक्षा थोडी नव्हे!

जगालाही हे शहाणपण तसे उशिराच आले. आता लहानांसाठी निराळे मऊ चेंडू मिळतात. त्यांतला लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो. पुढे नारिंगी, मग हिरवा, आणि शेवटी खरा पिवळा, अशा पायऱ्या लावलेल्या असतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१२ पासून लागू झाला. मैदानही त्यांच्यासाठी आखूड करतात, कारण ७८ फूट लांबीचे मैदान आठ वर्षांच्या पायांना पंढरीच्या वाटेएवढे वाटते. माझी भाषाही आखूड झाली. सर्व्हिससाठी चेंडू वर कसा फेकावा हे सांगताना पूर्वी मी कोनांची चर्चा केली असती. आता समोरच्या धुराड्याकडे बोट दाखवून "त्याच्या टोकाकडे फेक" एवढेच म्हणतो, आणि तो चेंडू सरळ वर जातो.

लाल चेंडूंचे पहिले पुडके फोडले त्या संध्याकाळी मात्र माझे मन मैदानावर नव्हते. मला माझा मुलगा आठवत होता. तो नऊ वर्षांचा असताना दर रविवारी पहाटे मी त्याला टेनिसला नेत असे. तो कणखर व्हावा म्हणून मी खऱ्या चेंडूने, खऱ्या वेगाने खेळे. त्याचे दहा चेंडू जाळीत गेले की दहाही चुका मी त्याला क्रमवार सांगे, आणि अकरावा नीट गेला तर तो जावयासच हवा होता, म्हणून गप्प राही. बाराव्या वर्षी त्याने रॅकेट कपाटावर ठेवली, ती पुन्हा काढली नाही. चिकाटी नाही, असा निकाल देऊन मी मोकळा झालो. त्या निकालाची फेरतपासणी व्हायला वीस वर्षे आणि परक्यांची मुले लागली.

१९३४ साली विंबल्डन येथे एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव ही संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची कन्या. आईच्या हाती लेखणी होती तशी रॅकेटही होती. मुलीने खेळात नाव मिळवले, आणि पुढे आईच्या कथांना संस्कृत नाट्यरूप दिले. आईकडून आलेला चेंडू मुलीने दोन्ही मैदानांवर परतवला, असे मला वाटते. त्या घरात तो कसा टाकला जात होता, हे पाहायला मी आनंदाने गेलो असतो.

गेल्या दिवाळीत मुलगा रजेवर आला होता. एके संध्याकाळी तो मला न्यायला मैदानावर आला आणि तारेच्या जाळीबाहेर बराच वेळ उभा राहिला. त्या मुलीचा बॅकहँड त्या दिवशी प्रथमच नीट लागत होता, आणि दर चेंडूला मी ओरडून तिला शाबासकी देत होतो. घरी परतताना तो म्हणाला, "बाबा, मला तुम्ही असं कधी शिकवलं नाहीत." स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो चेंडू मला परतवता आला नाही. व्याख्याने देण्यात आयुष्य गेलेला मी, "हो, चुकलंच माझं," एवढेच म्हणू शकलो. पुढचा रस्ता आम्ही काही न बोलता काटला. पण त्या मौनात अवघडलेपण नव्हते.

टेनिसमध्ये पहिली सर्व्हिस जाळीत गेली तर दुसरी मिळते. संसाराच्या नियमांत अशी तरतूद नाही, असे मी समजत होतो. परत जायच्या आदल्या सकाळी तो खोलीबाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कपाटावरची जुनी रॅकेट होती. तारा सैल पडल्या होत्या. त्याने ती माझ्यापुढे धरली आणि विचारले, "हिच्या तारा कुठे बसवून मिळतील?"

मी फक्त दुकानाचा पत्ता सांगितला. अधिक बोललो नाही. तेवढे मी आता शिकलो आहे.