इतर हक्कातली एक ओळ

सातारा,
रविवार, रात्री

चि. सौ. बेबीस,


दुपारी तुझा फोन झाला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुझी मामी म्हणाली, उद्या पुन्हा फोन करा. पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि "हो मामा, बघते" म्हणून ठेवतेस. म्हणून कागद घेतला. हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. दोघांनी बसून वाचा, घाईत नको.

तू म्हणालीस, "घरपट्टी जमीन विकणाऱ्यांनी थकवली, सोसायटीचं कर्ज त्यांनी काढलं. मी कशाला घाबरू? सातबाऱ्यावर आता माझं नाव लागलंय." ग्रामपंचायतीचं बिल त्यांच्या नावानं आलं म्हणून तू ते तसंच ड्रॉवरमध्ये टाकलंस. बेबी, एकतीस वर्षं तलाठी म्हणून काढली, त्यात हे वाक्य मी कितीजणांच्या तोंडून ऐकलं असेल. म्हणणारी माणसं प्रामाणिकच होती. कुणाचे पैसे बुडवायचे त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणून तर तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि काळजात चर्र झालं.

विकणारा पैसे घेऊन जातो. त्याची थकबाकी त्याच्याबरोबर जात नाही, ती बांधावरच राहते.

तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, ओढ्याकाठचा तुकडा घेतला तेव्हा तुझी आई लहान होती. ती तुला कधी बोलली नसेल, तिला तो विषय नकोच असायचा. विकणाऱ्यानं दुष्काळात तगाई उचललेली होती. अण्णांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी जमीन चालून पाहिली, विहिरीचं पाणी चाखून पाहिलं, उतारा मात्र दुसऱ्यानं वाचून दाखवला तेवढाच ऐकला. दोन वर्षांनी वसुली आली. कोतवालानं दारात उभं राहून नाव पुकारलं. आजीचं तांब्याचं घंगाळ आणि दोन हंडे अंगणात मांडून पंचनामा झाला. आजी चुलीपुढून उठली नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा, त्या घंगाळाचा पोचा आलेला काठ मला अजून दिसतो. अण्णांनी पैसे भरले, भांडी परत आत आली, जमीनही राहिली. पण त्यानंतर अण्णांनी एकही कागद न वाचता अंगठा... सही केली नाही. बघ, अंगठाच लिहून जात होतो. त्या आधी ते अंगठाच करायचे. सही ते त्या वर्षी शिकले.

आता तुझ्या जमिनीकडे येतो. तू पाठवलेला सातबाऱ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. तू बहुतेक डावीकडचं नाव पाहिलंस आणि थांबलीस. क्षेत्र बरोबर आहे, भोगवटादार वर्ग 1 आहे, ते चांगलं. पण उजवीकडे 'इतर हक्क' असा रकाना आहे, त्यात एक ओळ आहे: विकास सोसायटीचा बोजा, 3,00,000 रुपये, आणि कंसात फेरफाराचा आकडा. खरेदीच्या आधीच्या उताऱ्यातही ती ओळ असणार, कारण तो फेरफार 2016 चा आहे. म्हणजे ती ओळ तुझ्या डोळ्यांपुढं होती. हे रागावून नाही लिहीत. रागावून लिहायचं तर तुझ्या आईच्या पाटल्या मोडून तू हा व्यवहार केलास आणि मला खरेदीखत झाल्यावर पेढा पाठवलास, त्याबद्दल लिहिलं असतं. असो.

त्या ओळीचा अर्थ नीट समजून घे. सोसायटीचा सभासद कर्ज उचलताना आपल्या जमिनीवर इकरार करून देतो. सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 48 आहे, त्यात हे सगळं येतं. इकरार एकदाच होतो, उचल दर हंगामाला वेगळी असते. म्हणून 3 लाख हा काही आजच्या येण्याचा आकडा नव्हे. येणं शून्य असू शकेल, किंवा व्याजासह त्याहून जास्तही. ते सोसायटीच्या खाते उताऱ्यावरच कळेल. आणि त्याच कलमात जे पुढं लिहिलंय त्यानं मला झोप नाही: कर्ज पुरतं फिटेपर्यंत सभासदानं ती जमीन विकायची नाही, आणि विकली तर तो व्यवहार निरर्थक. तू पैशांची काळजी करत नाहीस, ठीक. पण इथं प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही, तुझ्या खरेदीखताच्या पायाचा होतो. खरेदीखत नोंदवलं गेलं म्हणजे बोजा उतरला असं कुणी तुला सांगितलं असेल तर ते विसर. दस्त नोंदवणं वेगळं, बोजा कमी होणं वेगळं.

जमीन विकणाऱ्या त्या गृहस्थांनी तुला सांगितलं, "ते कर्ज माफीत गेलं." त्यांना लबाड ठरवायची घाई करू नकोस. मी अशी कितीतरी घरं पाहिली की कर्ज खरोखर माफ झालं, पण बोजा कमी करायचा अर्ज कुणी दिलाच नाही, आणि ओळ तशीच राहिली. पण उलटही पाहिलंय. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्तीत 2 लाखांपर्यंतची थकीत पीककर्जं बसली. मुद्दल आणि व्याज मिळून त्यावर गेलेलं खातं बसलं नाही. 2017 च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती. माणूस चावडीवर ऐकतो "माफी झाली" आणि स्वतःचं खातं त्यात होतं की नव्हतं हे विचारायला जात नाही. त्यांच्या तोंडी शब्दावर तू विसंबलीस, आणि ते गावच्या तोंडी शब्दावर विसंबले असतील.

तुझ्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1971 चा अहमदाबाद महापालिकेचा निकाल सांगितला म्हणालीस. तो मला माहीत आहे. नगरपालिकेच्या करांचा मिळकतीवर बोजा असतो, पण ज्यानं पैसे मोजून, बोज्याची कल्पना नसताना मिळकत घेतली, त्याच्यावर तो लादता येणार नाही, असा त्याचा सारांश. निकाल चांगला आहे. पण 'कल्पना नसताना' हे शब्द वाच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात 'माहिती असणं' याची व्याख्या मोठी आहे. नीट चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि तू चौकशीच टाळलीस किंवा ढोबळ निष्काळजीपणा केलास, तर तुला माहीत होतं असंच धरलं जातं. उताऱ्यावर छापलेली ओळ "मी पाहिली नाही" असं तू न्यायाधीशांना कोणत्या तोंडानं सांगणार?

आणि आता मला जे गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगावंसं वाटतं, ते तुलाच सांगतो. आपण मुलांना सगळं शिकवलं, फक्त उतारा वाचायला शिकवलं नाही. तू परदेशी कंपनीचे करार तपासतेस, शंभर शंभर पानांचे. आणि ज्या एका पानावर तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या ते पान तू अर्धंच वाचलंस. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात प्रत्येक नावापुढं गोलात एक आकडा असायचा. तो फेरफाराचा क्रमांक. त्या आकड्याचा हात धरून गाव नमुना 6 मध्ये गेलं की कळतं, हे नाव कसं आलं, वारसानं की खरेदीनं, आणि जे गेलं त्याला कंस का झाला. एकेका फेरफारात एकेका घराचं मरण, वाटणी, कर्ज, लग्न असतं. जमिनीची अशी कुंडली समोर असताना माणसं मातीचा रंग बघतात!

1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त ओढून काढून जाळले. ज्या दस्तांवर स्वतःचे अंगठे होते त्यात काय लिहिलंय हे त्यांतल्या कितीकांना वाचता येत नव्हतं. त्यानंतर 1879 चा कायदा आला, तेव्हा शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढं लिहायचा असं ठरलं. त्यामागचा विचार साधा होता: ज्याच्यावर ओझं पडणार, त्याला आधी कळू दे. 2017 साली संगणकावरचे सातबारे तपासायला गावोगाव चावडी वाचन झालं, तेव्हा मी निवृत्त होतो, तरी जाऊन बसलो. एक म्हातारी आपलं नाव ऐकून म्हणाली, "हे माझ्या सासूचं नाव, माझं कुठाय?" तिथल्या तिथं लिहून घेतलं. मोठ्यानं वाचलं की चूक लपत नाही. माझं तर म्हणणं आहे, नववी-दहावीच्या पुस्तकात एक सातबारा आणि एक आठ-अ छापावा. मुलं तो घरी नेतील आणि आपल्या आजोबांना विचारतील.

फार लांबलं. आता काय करायचं ते लिहितो, क्रमानं कर.

आधी तू किमतीपोटी त्यांना दिलेला तो शेवटचा, पुढच्या तारखेचा चेक. तो न सांगता अडवू नकोस, चेक परत गेला तर कलम 138 ची नोटीस तुलाच येईल. पण तारखेच्या आधी त्या गृहस्थांना भेट. मिळकत निर्वेध म्हणून विकली असेल तर जुन्या बोज्याइतकी रक्कम किमतीतून राखून ती थेट घेणेकऱ्याला द्यायची मुभा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 55 तुला देतं. मात्र राखलेली रक्कम घेणेकऱ्याला पोचलीच पाहिजे, स्वतःकडे ठेवायची नाही. चेक परत घेऊन सोसायटीच्या नावानं दुसरा द्यायचं लेखी ठरवा. सोसायटीत तिघं मिळून जा, खाते उतारा घ्या, भरणा करा, आणि सचिवांकडून बेबाकी दाखला शिक्का-सहीसह घ्या. कर्ज माफीत गेलं असेल तर तसा दाखला मागा. तो दाखला जोडून बोजा कमी करायचा अर्ज तलाठ्याकडे द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तसंच म्हण. फेरफार धरला जाईल, नोटीस निघेल, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतील. त्यानंतरचा उतारा काढून त्या ओळीची काय गत झाली ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. अर्जाची पोच मिळाली म्हणजे काम झालं, असं समजणारी माणसं मी शेकड्यानं पाहिली आहेत. आणि दाखला मिळाल्यावर एकदा वकिलांना विचार, तुझ्या खरेदीखताला चूक दुरुस्ती किंवा पुष्टीचा दस्त लागतो का. हे मी सांगू शकत नाही, ते त्यांचं काम.

घरपट्टीचं सोपं आहे, पण ड्रॉवरमध्ये ठेवून सोपं राहणार नाही. त्याच कलम 55 प्रमाणं मालकी तुझ्याकडे येईपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्याची, पुढची तुझी. म्हणून ग्रामपंचायतीतून वर्षवार थकबाकी लिहून घे, घर आणि पाणी वेगवेगळं. खरेदीच्या तारखेवर रेघ मार. वरचं त्यांनी भरायचं. ते टाळू लागले आणि मागणीची नोटीस आली, तर भरून टाक, पावती तुझ्या हातून भरल्याची घे, आणि खरेदीखतातल्या हमीच्या कलमावर त्यांच्याकडून वसूल कर. भांडण त्यांच्याशी कर, पंचायतीशी नको. पंचायतीला घर दिसतं, माणूस दिसत नाही. नमुना 8 वर घराला तुझं नाव लावून घ्यायलाही विसरू नकोस, नाहीतर पुढची दहा वर्षं बिल त्यांच्याच नावानं येईल आणि तू ते ड्रॉवरमध्येच टाकत राहशील.

शेतसाराही विचार. रक्कम किरकोळ असते म्हणून कुणी विचारत नाही, पण जमीन महसूल संहितेच्या कलम 169 प्रमाणं सरकारच्या साऱ्याचा हक्क सगळ्या देण्यांच्या वरचा. आणि एक राहिलं: कुणी मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढलं असेल तर ते उताऱ्यावर दिसेलच असं नाही. बँकांच्या अशा गहाणांसाठी 2011 पासून केंद्राची सेरसाई नावाची नोंदवही आहे, वकिलांना तिथं शोध घ्यायला सांग. त्या गृहस्थांनी तुला मूळ खरेदीखत दिलं की झेरॉक्स? हे मी दुपारी विचारलं होतं, तू विषय बदललास.

मला तुझ्यावर ओरडायचं नाही. तू आंब्याखाली उभी राहून काढलेला फोटो मामीनं देवाजवळ ठेवलाय. आपल्या घरात अण्णांनंतर जमीन फक्त विकली गेली, त्यांच्यानंतर तू पहिली घेणारी. ती तुझ्याकडेच राहावी, एवढंच माझं म्हणणं.

बुधवारी मी रहिमतपूरला येतो. गाडी पाठवू नकोस, एस.टी.नं येईन. तोवर ते बिल ड्रॉवरमधून काढ, त्यावर मागणीची तारीख काय आहे ते वाच, आणि पत्र वाचल्यावर लगेच मला कळव.

तुझा,
मामा