बेंबीपाशी सापडलेलं आतडं

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरला की आधी यकृत, मग फुप्फुस. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, म्हणून हा क्रम. गुदाशयाच्या खालच्या टोकाचं काही रक्त यकृत टाळून जातं. तिथला आजार आधी फुप्फुसातही दिसतो. इथवर सगळं पुस्तकातलं. आम्हा पॅथॉलॉजिस्टांची पंचाईत होते ती डबीवर नुसतं ‘पोटावरची गाठ’ लिहून तुकडा येतो तेव्हा.

काचपट्टीवर उंच, दाटीनं उभ्या पेशींच्या ग्रंथी, पोकळीत मेलेल्या पेशींचा गाळ. चित्र आतड्याचं, पत्ता कातडीचा. फॉर्मवर जुन्या ऑपरेशनचा रकाना कोरा. (तो रकाना भरायला अर्धं मिनिट पुरतं, पण असो.) इम्युनोचे मार्कर (पेशींतली प्रथिनं रंगवून मूळ अवयव ओळखण्याच्या चाचण्या) लावायच्या आधी मी फोन लावते: पोटावर व्रण आहे का, गाठ त्याच्यापासून किती लांब?

बेंबीतल्या अशा गाठीला सिस्टर मेरी जोसेफ यांचं नाव आहे. मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात त्या विल्यम मेयो यांच्या सहायक होत्या. ऑपरेशनपूर्वी पोटाची कातडी साफ करताना बेंबीतला कडकपणा त्यांच्या बोटांना कळला, असं सांगतात. मेयोंनी त्यावर १९२८ मध्ये लिहिलं. गाठीला सिस्टरांचं नाव मिळालं १९४९ मध्ये, त्या गेल्यावर दहा वर्षांनी.

सर्वांत फसवा मात्र बीजांडकोश. तिथे उतरलेला आतड्याचा कॅन्सर हुबेहूब तिथलाच वाटतो, आणि दोन्हींची केमो वेगळी. सीके २० आणि सीडीएक्स २ पॉझिटिव्ह, सीके ७ निगेटिव्ह आलं की पारडं आतड्याकडे झुकतं. पण श्लेष्मल गाठींत हे मार्करही कधी दगा देतात. तिथे आतड्याच्या जुन्या स्लाइड मागवून शेजारी ठेवण्याला पर्याय नाही.

व्रणाचा विषय निघाला की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल पेशंट हमखास विचारतात. १९९० च्या दशकात छिद्रांच्या जागी कॅन्सर उगवल्याच्या बातम्यांनी सर्जनही धास्तावले होते. २००४ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत मात्र व्रणात तो परतण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या आणि पोट उघडून करायच्या, दोन्ही पद्धतींत एक टक्क्याच्या आतच निघालं. व्रणातली गाठ बऱ्याचदा टाक्याभोवतीची सूजच असते. तरी ती वाढत असेल तर सुईनं नमुना घ्या, आणि फॉर्मवर ऑपरेशनचं साल लिहा.