अकरा पाकळ्यांचा गुलाब

पुणे

चि. सई,



हेडिंग्लेला यॉर्कशायरची मॅच पाहून आलीस आणि खेळाडूंच्या टोपीवर पांढरा गुलाब का, असं विचारलंस. फार बरं वाटलं.

हे फूल मुळात प्रांताचं नव्हतंच, एका घराण्याचं होतं. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या भाऊबंदांत तीस वर्षं लढाया झाल्या. पांढरा गुलाब यॉर्ककरांचा, लाल लँकेस्टरचा, असं आपण आज म्हणतो. पण यॉर्ककरांच्या खुणा अनेक होत्या. चौथा एडवर्ड झळाळता सूर्य मिरवायचा, तिसरा रिचर्ड पांढरं रानडुक्कर. आणि यॉर्कशायरमधले कितीतरी सरदार तेव्हा लँकेस्टरच्याच बाजूने लढत होते!

तुझ्या लीड्सच्या पूर्वेला टॉवटन गाव आहे. २९ मार्च १४६१ ला तिथे भर हिमवादळात लढाई झाली. वारा लँकेस्टरच्या तोंडावर होता. यॉर्ककरांचे बाण वाऱ्याबरोबर लांब गेले, समोरचे अलीकडेच पडले. एडवर्ड जिंकला, पण गादी घराण्याकडे फार काळ टिकली नाही. १४८५ मध्ये लँकेस्टरच्या बाजूच्या हेन्री ट्यूडरने रिचर्डला हरवलं, पुढच्या वर्षी यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं आणि दोन्ही गुलाब एकात एक बसवले.

घराणं संपलं, फूल लोकांकडे राहिलं. यॉर्कशायरचा क्लब १८६३ चा. त्याच्या गुलाबाला अकरा पाकळ्या आहेत, संघातल्या प्रत्येकासाठी एक. ही कल्पना लॉर्ड हॉक यांची. १८८३ पासून १९१० पर्यंत ते कप्तान होते. मला ही पाकळ्यांची गोष्ट राजांच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. लाल गुलाबवाल्या लँकेशायरशी होणाऱ्या सामन्याला तिथे अजून ‘रोझेस मॅच’च म्हणतात.

मात्र हा गुलाब कुणी लावायचा, यावर कडक पहारा होता. यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यालाच संघात जागा, हा दंडक कित्येक दशकं चालला. स्वतः हॉक लिंकनशायरमध्ये जन्मलेले, तरीही! १९९२ मध्ये दार उघडलं आणि यॉर्कशायरकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू ठरला आपला सचिन, वय वर्षं एकोणीस. त्या मोसमात त्याने हजारावर धावा काढल्या.

पण दार उघडलं म्हणून सगळ्यांना सारखं वागवलं गेलं असं नाही. अझीम रफीक या माजी खेळाडूने क्लबात सोसलेला वंशद्वेष २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे मांडला. तेही वाच. टोपी विकत घेणार असशील तर दोन्ही गोष्टी ठाऊक असूनच घे, आणि माझ्यासाठीही एक आण.

तुझा,
मामा